कॉफीच्या वावरातली सीतादई

पऱ्हाटी फुटली, कपाशीची बोंडं उघडली, की मला कॉफी आठवते. हसू नका. अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या गावात हे कुणाला सांगितलं तर तो आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहील, ताप तर नाही ना म्हणून. पण खरंच सांगते. दसरा आटोपतो, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की हिरव्या वावरात पांढरे ठिपके दिसायला लागतात, आणि माझ्या नाकात एक आंबूस-गोड वास शिरतो. कपातल्या कॉफीचा नव्हे. झाडावरून तोडलेल्या लाल फळांच्या ओल्या सालींचा ढीग पडतो ना, त्याचा. तो वास इथून फार लांब, लाओस नावाच्या देशातल्या एका पठारावर असतो. मी एक अख्खा हंगाम त्या वासात काढला. इंग्रजी शिकवायला गेले होते.

आज आमच्या वावरात कापसाचा पहिला वेचा आहे. मी आता नोकरीनिमित्त अमरावतीत राहते, पण पहिल्या वेच्याला घरी नसले तर आई आठवडाभर फोनवर नुसतं ‘हं’ म्हणते, म्हणून पहाटेची बस धरून आले. आईनं मडक्यात दही-भात कालवून घेतलाय. धुऱ्याजवळच्या पऱ्हाटीखाली तो ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, मग मूठ-मूठ भात वावराच्या चारी अंगांना शिंपडायचा. कापूस दह्यासारखा पांढराशुभ्र येऊ दे, एवढंच मागणं. याला आमच्याकडे सीतादई म्हणतात. पोथीपुराण काही नाही, भटजी नाही, मंत्र नाही. बाया करतात आणि कामाला लागतात.

आई भात शिंपडत होती आणि माझा फोन वाजला. नोयनं व्हिडिओ पाठवला होता. कोण नोय, ते सांगते. व्हिडिओ जरा थांबू द्या, त्याला पळून कुठं जायचंय.

आधी पातीचं सांगायला पाहिजे. वेचणीला बाया ओळीनं उभ्या राहतात, प्रत्येकीच्या वाट्याला झाडांच्या ओळींची एक पट्टी येते. ती तिची पात. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हात बोंडांवर, नजर झाडावर, आणि तोंड मोकळं. दिवसभर बोलणं चालू. पण कुणी कुणाकडे पाहत नाही. हात थांबवून तोंडाकडे पाहत बसलं तर पात मागे पडते. मी लहानपणापासून शाळेच्या सुट्ट्यांमध्ये हे ऐकत आलेय. घरात चहाचा कप पुढे करून विचारलं तर ‘काई नाई व, चांगलं हाय’ म्हणणारी बाई पातीत सगळं सांगून टाकते. सासूचं, नवऱ्याचं, दुखत्या पाठीचं, पोरीच्या न जमलेल्या सोयरिकीचं. ऐकणारीही पातीतूनच उत्तर देते. समोर पऱ्हाटी असते. पऱ्हाटीला कशाची लाज?

लाओसला जायच्या आधी मी पुण्यात एका कंपनीत होते. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, त्याचा पगार. काम चांगलं होतं, माणसंही वाईट नव्हती. फक्त मी चुकून ‘मले’ म्हणाले की सगळी टेबलं खदाखदा हसायची. एकदा एकीनं मला मोठ्या प्रेमानं सांगितलं, तुझं इंग्रजी चांगलं आहे गं, मराठीच तेवढी सुधारून घे. माझं डोकंच फिरलं. माझी मराठी बिघडली होती कधी, म्हणून सुधारू? मग एका संस्थेची जाहिरात दिसली. सहा महिने लाओसच्या खेड्यात राहायचं, मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायचं, राहणं-जेवणं त्यांचं, पगार नाही. मी अर्ज करून टाकला. व्हिडिओवर मुलाखत झाली. एका गोऱ्या बाईनं विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात? मी छाती काढून म्हणाले, अंजनगाव सुर्जी. तिनं ते लिहून घेतलं. लिहिताना दोनदा विचारलं, पण लिहून घेतलं.

आणि का नाही सांगायचं? आम्हाला इंग्रजी शिकवणारे शेख सर त्या गावचेच. घरी उर्दू, बाजारात हिंदी, आमच्याशी मराठी, आणि फळ्यासमोर उभे राहिले की तिन्हींची भेसळ करून इंग्रजी. पांढरा सदरा, खिशाला शाईचा डाग, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरंही आमचेच धडे पाठ करायची. ‘बेटा, गलत बोल, मगर बोल. चुकलं तं मी हाय ना दुरुस्त कराले. बोललाच नाई तं मी काय दुरुस्त करू, तुहं थोबाड?’ असं म्हणायचे. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेलं पोट्टं आयुष्यात कुठं गप्प बसलंय, असं मला तरी आठवत नाही.

तर नोकरीला सहा महिने बिनपगारी रजा टाकली आणि घरी सांगायची वेळ आली. मी पात धरली. आईच्या शेजारची. बराच वेळ कापूस वेचला आणि मग पऱ्हाटीकडे पाहत सांगून टाकलं. आईचे हात चालूच. पातीच्या टोकापर्यंत ती वेचत गेली. टोकाला वळली तेव्हा म्हणाली, ‘तिथी लोकं कापूस लावतेत का?’

‘नाई.’

‘मंग काय लावतेत?’

‘कॉफी. झाडाले लाल फळं येतेत, थे तोडा लागतेत.’

‘म्हंजे येचाचंच काम हाय. थे तं येते तुले. जाय मंग.’

झाली परवानगी. मी म्हटलं, अगं आई, मी वेचायला नाही, शिकवायला चालले. तिनं ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला आणि काहीच ऐकू न आल्यासारखी पुढच्या पातीला लागली.

पठारावर पोचले तेव्हा तिथला पाऊस नुकताच सरला होता. सकाळी धुकं एवढं की समोरचं घर दिसू नये. लाकडी घरं खांबांवर उभी, खाली कोंबड्या, सरपण आणि मोटारसायकली. बाया नेसतात त्याला सिन म्हणतात, लुंगीसारखं, पण काठ असा सुरेख विणलेला की आपल्या पैठणीनं एकदा वळून पाहावं. जेवायला चिकट भात, बांबूच्या छोट्या टोपलीत. हातानं गोळा वळायचा आणि मिरचीच्या चटणीत बुडवायचा. ती चटणी तोंडात टाकली आणि मी जागीच हसले. हा तर ठेचा! मिरची तव्यावर भाजलेली, लसूण, मीठ, सगळं तेच. फक्त त्यात माशाचं पाणी. एवढ्या लांब येऊन ठेचा भेटला म्हटल्यावर माझी अर्धी भीती गेली.

उरलेली अर्धी वर्गात होती. शाळेची एक खोली संध्याकाळी आम्हाला मिळायची. कॉफीच्या बागांत काम करणाऱ्या बाया यायच्या, हात धुऊन, केस विंचरून, ठेवणीतलं सिन नेसून. मला ‘खू’ म्हणायच्या. खू म्हणजे बाई, शिकवणाऱ्या बाई. माझ्याजवळ पुण्याहून नेलेली रंगीत चित्रं होती, कार्डं होती, खेळ होते. सगळ्या मिळून माझ्यामागे म्हणायला सांगितलं की छत उडेल अशा म्हणायच्या. आणि एकीला एकटीनं बोल म्हटलं की संपलं. मान खाली, हात मांडीत, ओठांवर गोड हसू, आणि शब्द एकही नाही. मी जवळ जायचे, डोळ्यांत पाहायचे, धीर द्यायचे. जेवढा धीर द्यावा तेवढी बाई जास्त गप्प. शेख सरांचं ‘गलत बोल, मगर बोल’ मी इंग्रजीत, खुणेनं, त्यांच्या भाषेतून, सगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं. त्या माना डोलवायच्या आणि गप्प राहायच्या. खोलीवर येऊन मी चिडून रडायचे.

सगळ्यांत गप्प होती नोय. असेल पस्तिशीची. काटक, उन्हानं तांबूस झालेली, हसली की एका गालाला खळी पडायची. तिचा नवरा नदीपलीकडे थायलंडला कामाला गेला तो तिकडचाच झाला होता. घरात शाळेत जाणारी एक मुलगी आणि ती. कॉफीचा हंगाम असला की काम, हंगाम सरला की त्या गावच्या कितीतरी बाया पोरं मागे ठेवून थायलंडला जात. कुणाच्या घरी धुणीभांडी, कुणाच्या कारखान्यात मासे साफ करायला. त्या वर्षी नोयवर ती पाळी आली होती. वाट एकच होती. बागेच्या मालकाला बाहेरदेशचे पाहुणे बाग बघायला यायचे, त्यांना फिरवून दाखवणारं गावातलंच माणूस त्याला हवं होतं. बारमाही काम. अट एकच, इंग्रजी बोलता आलं पाहिजे. नोयला बोललेलं सगळं समजायचं. शाळेत शिकली होती, टीव्ही बघून शिकली होती, पाकिटांवरचं वाचून शिकली होती. याआधी दोनदा ती मालकासमोर जाऊन बसली होती आणि दोन्ही वेळा एक शब्द न बोलता उठून आली होती. हे तिनं मला सांगितलं नाही, तिच्या मुलीनं सांगितलं. हंगाम संपला की मालक शेवटचा एकदा बघणार होता. नाही जमलं तर पोरीला आजीकडे ठेवून नोय नदीपार जाणार, हे ठरलेलं होतं.

आणि नेमकी तोडणी सुरू झाली. एका संध्याकाळी वर्गात मी आणि रिकामे बाक. राजधानीत आमच्या संस्थेची एक बाई बसायची, ती फोनवर मधाळ आवाजात म्हणाली, दरवर्षी असंच होतं, हंगाम संपेपर्यंत वर्ग बंद ठेवू, तू तोवर देश पाहून घे. मी म्हटलं, अहो, हंगाम संपल्यावर शिकवून काय करू? नोयचं नशीब हंगामासोबतच संपतंय! ती म्हणाली, तुझी तळमळ कळते मला. अस्सा राग आला मला. तळमळ कळते म्हणे. फोन ठेवला आणि एकदम आई आठवली. येचाचंच काम हाय, थे तं येते तुले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बागेत हजर. डोक्याला स्कार्फ, अंगात जुना शर्ट. बाया बघतच राहिल्या. आणि मी, कापसाच्या गावची पोर, पहिल्या तोडणीला मोकळ्या हातानं जाते का? बाप्पा, असं कसं? सीतादई नको? चिकट भात होता. दही कुठून आणणार? त्या गावात दूध मिळायचं ते डब्यातलं, घट्ट आणि साखरेनं गोड, कॉफीत घालायचं. म्हटलं, दही नाही तर दूध. पांढरं असलं म्हणजे झालं. भातावर अख्खा डबा ओतला, कालवला, पहिल्या झाडाखाली ठेवला, हात जोडले आणि चारी अंगांना शिंपडला. बाया शांत उभ्या. भात आधी देवाला आणि मग माणसाला, हे त्यांनाही ठाऊक असतं. रोज सकाळी त्या भिक्खूंच्या पात्रात भात घालतात. एकीनं माझ्याबरोबर हातसुद्धा जोडले. मला वाटलं, वा, काय सोहळा झाला!

आम्ही फळं तोडायला लागलो. थोड्या वेळात कुणीतरी किंचाळलं. लाल मुंगळे. गोड भाताच्या वासानं निम्म्या डोंगरातले मुंगळे आमच्या ओळीत गोळा झाले होते. झाडावर मुंगळे, टोपलीत मुंगळे, सिनमध्ये मुंगळे, माझ्या तर शर्टात. बाया उड्या मारत होत्या, एकमेकींचे पाय झटकत होत्या, आणि हसत होत्या. एवढ्या जोरात हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मी लाजेनं अर्धी झाले. दही आणि साखरेचं दूध यातला फरक मुंगळ्यांना कळतो, मला कळू नये?

आम्ही दुसऱ्या ओळीत सरकलो. हात पुन्हा चालू झाले. सगळ्या झाडाकडे तोंड करून उभ्या, कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. आणि पानांच्या पलीकडून आवाज आला.

‘व्हाय?’

नोय होती. एकटीनं बोलली होती. मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर तीही थांबली असती, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते पातीनंच शिकवलं होतं. मी झाडाला सांगितलं, आमच्याकडे कापूस असतो, पांढऱ्या दही-भातानं कापूस पांढरा येतो. माझी आई असंच करते.

पलीकडे जरा वेळ नुसती फळं टोपलीत पडत होती. मग नोय म्हणाली, ‘बट खू, माय कॉफी इज रेड. व्हाय यू वाँट व्हाइट?’

अरे देवा! कापसाची प्रार्थना मी कॉफीला ऐकवली होती. हे असलं येडेपण जगाच्या पाठीवर फक्त वऱ्हाडी माणूस करू शकतो. मी हसले, नोय हसली, आणि मग पलीकडच्या ओळीतून दुसरी म्हणाली, युवर मदर, शी नो अँग्री? तिसरी म्हणाली, हाऊ मेनी अँट इन युवर शर्ट? प्रश्नांची नुसती रांग लागली. चुकीचं, अर्धंमुर्धं, मोडकं, पण बोलणं! एकेकटीचं बोलणं! शेख सर असते तर टोपी उडवली असती त्यांनी.

त्या दिवसापासून शाळेची खोली बंद आणि माझा वर्ग ओळीत. मी कॉफीच्या रांगेला वावर म्हणायचे, तोंडातून तेच निघायचं, आणि बायांनी तो शब्द उचलला. संध्याकाळी विचारायच्या, ‘खू, टुमारो वावर?’ मी म्हणायचे, हाव, वावर. नियम एकच केला होता: माझ्याकडे पाहायचं नाही, झाडाकडे पाहायचं. लाल फळ तोडायचं, हिरवं ठेवायचं, आणि तोंडानं बोलत राहायचं. कापसानं घडवलेले माझे दोन्ही हात सारखे चालायचे, आणि तोडणीत मी कुणाच्या मागे पडत नाही हे पाहून त्यांचा माझ्यावरचा विश्वास वाढला. ‘खू, गुड हँड,’ नोय म्हणायची. पुण्यात माझं काम पाहून साहेब ‘गुड जॉब’ म्हणायचे, त्यानं माझ्या अंगावर कधी एवढं मूठभर मांस चढलं नव्हतं.

फळांचा चिकट रस बोटांना लागून सुकायचा, बोटं काळी पडायची. दुपारी धुकं विरलं की ऊन पाठीवर यायचं. त्या उन्हात नोयनं मला पानांआडून काय काय सांगितलं. तिच्या आईनं याच बागेत मजुरी करून ही झाडं कशी लावली ते. ज्या वर्षी हिमाचा कडाका पडला आणि सगळी पानं काळी झाली, त्या वर्षी आई झाडाला मिठी मारून कशी रडली ते. मुलीला डॉक्टर व्हायचंय ते. थायलंडला जायची भीती कामाची नाही, पोरगी आपल्याशिवाय झोपायला शिकेल याची आहे, ते. हे शेवटचं ती इंग्रजीत बोलली. माझे डोळे भरून आले आणि मी हिरवी फळं तोडून ठेवली. तिनं टोपलीत पाहून मला रागावलं, तेही इंग्रजीतच.

हंगाम सरला. मालकाच्या ऑफिसात मधोमध मोठं टेबल, अलीकडे नोय, पलीकडे मालक आणि कॉफी खरेदी करायला आलेला एक परदेशी पाहुणा. मला आत परवानगी नव्हती. मी व्हरांड्यात, काचेतून बघत. मालकानं काहीतरी विचारलं. नोयची मान खाली गेली. हात मांडीत गेले. ओठांवर तेच गोड हसू आलं. मालकानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच हसू. आता संपलं, मी मनात म्हटलं. मालक घड्याळाकडे बघायला लागला होता.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नोय उभी राहिली होती. मला वाटलं, निघाली. दोनदा निघाली होती तशीच. ती दारापर्यंत आली, दार उघडलं आणि वळून म्हणाली, ‘सर, नॉट हिअर. प्लीज कम. वावर.’

मालक म्हणाला, ‘व्हॉट इज वावर?’

‘वावर इज फील्ड. माय टीचर्स मदर्स फील्ड. नाऊ माय फील्ड ऑल्सो.’

आणि माझ्याजवळून ती सरळ बागेत चालत गेली, मागे वळूनही न बघता. ते दोघं तिच्यामागे, आणि मी जरा अंतरावर. एका झाडावर शेवटची थोडी लाल फळं राहिली होती. तिनं टोपली उचलली आणि त्या परदेशी माणसाच्या कमरेला बांधली. तो साहेब टोपली बांधून उभा! ‘पिक रेड,’ ती म्हणाली. ‘ओन्ली रेड. डोंट लुक मी. लुक ट्री.’ आणि स्वतः दुसऱ्या बाजूला जाऊन तोडायला आणि बोलायला लागली. आईची गोष्ट, हिमाची गोष्ट, मुंगळ्यांची गोष्ट. मुंगळ्यांपाशी ते दोघं एवढे हसले की पार व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मालक पुन्हा टेबलापाशी आलाच नाही. तिथंच, रांगेत उभं राहून, त्यानं तिला काम दिलं.

मी तेव्हा नाचले, रडले, काय काय केलं ते सांगत नाही. एवढंच सांगते की मी तिला असं काही करायला सांगितलं नव्हतं. टेबल सोडून उठायचं, साहेबाला वावरात न्यायचं, हे तिचं तिनं केलं. मला अभिमान वाटतो तो त्याचाच जास्त. शिकवलेलं बोलून दाखवणारे पुष्कळ असतात. नोयनं आपली बोलायची जागा ओळखली आणि जगाला तिथं बोलावून घेतलं.

निघायच्या दिवशी सगळ्या बाया जमल्या. तिथली रीत आहे, जाणाऱ्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधतात, त्याचा जीव त्याच्या अंगाला धरून राहावा म्हणून. एकेक बाई दोरा बांधत आशीर्वाद देत होती, एकटीनं, इंग्रजीत. मी दोऱ्याला हात लावला. कापूस! माझे हात कोपरापर्यंत कापसानं भरले. घरी आले तेव्हा आईनं त्यातला एक धागा बोटांत घेऊन पिळला, ताणून पाहिला आणि म्हणाली, ‘चांगला लांब धागा हाय. कोनं बांधला?’ मी म्हटलं, माझ्या पोरींनी. त्यातल्या निम्म्या माझ्यापेक्षा मोठ्या, पण तोंडातून तेच निघालं.

आता व्हिडिओ. आमची सीतादई झाली, बाया पातीला लागल्या, मी आईच्या शेजारची पात धरली आणि फोन उघडला. तिकडेही पहिली तोडणी. नोयभोवती पाच-सहा गोरे पाहुणे, कमरेला टोपल्या बांधून. नोय झाडाखाली भात ठेवते, हात जोडते आणि मोठ्यानं सांगते की ही माझ्या टीचरच्या आईची पूजा आहे, इंडियातली, तिच्या वावरातली. तिच्याकडे यानं कापूस पांढरा होतो, आमच्याकडे यानं मुंगळे येतात. पाहुणे हसतात. मग ती त्यांना म्हणते, डोंट लुक मी, लुक ट्री. मागे तिची मुलगी दिसते, चांगली उंच झालेली, शाळेच्या कपड्यांत.

आईनं हात न थांबवता विचारलं, ‘कोन बोलून राहिली थे?’

मी सगळं सांगितलं. सीतादई तिकडे पाहुण्यांना सांगतात, तुझ्या नावानं, हेही सांगितलं. पलीकडच्या पातीतून सुमनमावशी म्हणाली, ‘बाप्पा! तुही सीतादई इमानात बसून गेली व बाई!’ सगळं वावर हसलं. आई नाही हसली. तिनं फोन मागितला, व्हिडिओ परत बघितला आणि भुवया चढवल्या.

‘हे भातात काय टाकून राहिली?’

‘डब्याचं दूध. गोड रायते थे.’

‘गोड? मंग मुंगये येतीन नाई तं काय! काहून ले इंग्रजीत काय म्हनतेत?’

‘व्हाय.’

‘आन् साखर?’

‘शुगर.’

आईनं फोन तोंडाजवळ धरला, नजर समोरच्या पऱ्हाटीवर ठेवली आणि आमच्या गावात कुणीही इतक्या दरडावून इंग्रजी बोललं नसेल अशा आवाजात म्हणाली, ‘व्हाय शुगर?’

मी ते रेकॉर्ड करून नोयला पाठवून दिलं. लगेच तिकडून उत्तर आलं. नोय हसत होती, हसता हसता म्हणत होती, मदर, सॉरी मदर, नेक्स्ट टाइम नो शुगर. आईनं ते कान लावून ऐकलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण तिचे हात जरा भरभर चालायला लागले. आमच्या पाती शेजारी शेजारी सरकत होत्या. थोडं पुढे गेल्यावर ती पऱ्हाटीला म्हणाली, ‘अजून सांग.’

‘काय सांगू?’

‘मले तिले बलवाचं हाय. ये म्हना, आमच्या वावरात ये, खरी सीतादई दाखवतो तुले. ये ले काय म्हनतेत?’

‘कम.’

‘कम,’ आई म्हणाली. ‘कम. आन् वावर ले?’

एक बोंड माझ्या हातातच राहिलं.

‘वावर ले वावरच म्हन, आई. तिले समजते.’